लिहिणाऱ्याचं नाव

३ ऑक्टोबर, सोमवार

मागच्या महिन्यात कारखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब बघितला आणि विचारलं, डोक्यातलं कुणाजवळ बोलता का? मी म्हटलं, घरात एकटी असते, बोलू कुणाशी, भात शिजवायच्या कुकरशी? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वही घ्या आणि लिहा. वही घेतली, आज उघडली.

शनिवारी आलेला सेन्सेईंचा पॅच, म्हणजे कोडमधली नवी दुरुस्ती, आज सकाळी साडेपाचला वाचायला घेतला. होरिए सेन्सेई तांत्रिक कॉलेजात मला शिकवायला होते. मी तेव्हा सोळाची, आता त्रेचाळीसची, पण ते अजून सेन्सेईच. 'नेन्रिन' हे फुकट वाटायचं सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलं. खोडातल्या वर्षांच्या कड्यांवरून नाव दिलं. गेली अकरा वर्षं त्यांच्यासोबत मी ते सांभाळते. कारखान्यात औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा छापणारी यंत्रं सांभाळून पगार मिळवायचा आणि सकाळी दोन तास फुकट नेन्रिन. मी खुशीने करते, तक्रार नाही.

सेन्सेई अजून आपलं काम मेलनेच पाठवतात. बटण दाबून पाठवलेलं काम कुणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी ते वाचायचं, तपासायचं आणि भांडारात, म्हणजे आमचं सगळं कोड जिथे साठवलेलं असतं तिथे, ठेवायचं. आजचा पॅच वाचला आणि वाईट वाटलं. नको असलेल्या नोंदी झाडून टाकायचा भाग होता, आणि एकच गोष्ट दोनदा केलेली. आधी कामाचा फोल्डर जागेवर आहे का बघायचं, आणि नसला तरी पुन्हा जाऊन त्याच्या नावावरची जुनी नोंद वाचायची. जो फोल्डर नाहीच त्याचं काय वाचायचं? शिवाय टायपिंगच्या दोन चुका. वर टिपण: 'बाहेर गेलेल्यांनाही मोजा.' याचा अर्थ काय, देव जाणे. एकाहत्तर वर्षं झाली त्यांना.

मी आवरलं. फोल्डर दिसत नसेल तर सोडून द्या, पुढे चला. चौदा ओळींच्या पाच झाल्या. भांडारात ठेवून दिलं.

आमच्या धंद्यात भांडारात ठेवलेल्या कामाच्या प्रत्येक नोंदीवर दोन नावं लागतात, लिहिणाऱ्याचं आणि ठेवणाऱ्याचं. ठेवणाऱ्याने मूळ कामात काही बदललं तर त्याने खाली एक ओळ घालायची, की अमुक बदल माझा. तसा रिवाजच आहे. मी ती ओळ घालत नाही. एप्रिलपासून घालत नाही. जगभरचे लोक या नोंदी वाचतात. 'होरिए यांची चूक कुसाकाने सुधारली' असं दर आठवड्याला छापून आलं तर त्या माणसाचं राहिलं काय? ज्यांनी हातात हात धरून शिकवलं त्यांच्यासाठी एवढं झाकायला माझं काय जातं.


९ ऑक्टोबर, रविवार

सेन्सेईंकडे गेले होते. फुमिए-सान, म्हणजे त्यांची बायको, ओसरीत बसून पर्सिमनची फळं सोलत होत्या, वाळत घालायला. मीही सुरी घेऊन बसले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं आणि नेन्रिनला तेवीस, पण बाईंना आज विचारावंसं वाटलं की हे नेन्रिन म्हणजे नक्की काय.

मी म्हटलं, तुम्ही पाककृतीच्या वहीत खाडाखोड करता ना, तर समजा प्रत्येक खाडाखोडीच्या आधीचं पानही कुणीतरी जपून ठेवतंय. कोड लिहिणारे असं सगळं जपून ठेवतात. लोक आपापले प्रोग्रॅम लिहितात, आणि त्या जपलेल्या पानांत शोधायचं, जोडायचं, आवरायचं काम त्यांना नव्याने लिहावं लागू नये म्हणून आम्ही ते तयार करून देतो. नको असलेली पानं झाडून टाकायचं कामही त्यातच. त्यांनी विचारलं, नको असलेली हे कोण ठरवतं? मी म्हटलं, ज्या पानाकडे कुणीच बोट दाखवत नाही ते नकोसं.

तेवढ्यात सेन्सेई आतून आले, हातात भिंग आणि छापलेला कागद. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू ऑगस्टमध्ये काढला, डावा पुढच्या महिन्यात काढायचाय. टायपिंगच्या चुकांचं खापर ते डोळ्यांवर फोडतात. फोडू देत.

कागद जूनमधल्या एका नोंदीचा होता. त्यांनी विचारलं, "कुसाका, हे मी लिहिलंय?"

मी म्हटलं, "हो, सेन्सेई. वर तुमचंच नाव आहे की."

"नाव आहे खरं." त्यांनी भिंग कागदावर पुन्हा फिरवलं. मग म्हणाले, अशी मोजणी मी उभ्या जन्मात लिहिलेली नाही, मी नेहमी उलटीकडून मोजतो. मी हसून म्हटलं, वयाबरोबर हात बदलतो माणसाचा. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. नंतर जेवायला थांबायचा आग्रह केला नाही, जो ते नेहमी करतात.


१२ ऑक्टोबर, बुधवार

नवी आवृत्ती काल बाहेर पडली. आज दुपारच्या सुट्टीत सेन्सेईंचा फोन. त्यांनी स्वतःची पाठवलेली मेल काढून बघितली होती. मेलमध्ये चौदा ओळी, भांडारात पाच. 

त्यांनी विचारलं, मी तुला दुसरी मेल पाठवली होती का? जे तोंडात आलं ते बोलून गेले. म्हटलं, मेल नाही, तुम्ही फोन केला होता. मेल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी. तुम्हीच म्हणालात की एवढं लांबण नको, पाच ओळींत कर.

"रविवारी."

"हो, सेन्सेई."

 मग म्हणाले, "बरं आहे, तुझ्या लक्षात राहतं."

सुटले. एकतर ते ओशाळले असते, नाहीतर मी. दोघंही वाचलो.


२७ ऑक्टोबर, गुरुवार

फुमिए-सानचा फोन. सेन्सेई कुणाला न सांगता विसराळूपणाच्या दवाखान्यात जाऊन आले. तीसपैकी अठ्ठावीस गुण पडले. डॉक्टर म्हणाले, या वयात उत्तम आहे, घरी जा. तर यांनी खिशातून कागद काढले. हे मी लिहिलंय, हे फोन करून बदलायला मी सांगितलंय, आणि यातलं मला काहीही आठवत नाही, असं म्हणाले. तेव्हा डॉक्टरांनी डोक्याच्या तपासणीसाठी डिसेंबरची तारीख दिली.

बाई म्हणाल्या, मला तर बोलण्याचालण्यात काही वेगळं वाटत नाही हो, अजून शब्दकोडं माझ्या आधी सोडवतात. मी त्यांना समजावलं की जवळच्या माणसांना हे उशिरा कळतं. शंभरातून सात-सात वजा करा, आज वार कोणता, असल्या परीक्षेत जन्मभर गणित केलेला माणूस पास होणारच. खरी परीक्षा कोडमध्ये होते आणि ती मी एप्रिलपासून बघतेय. हे शेवटचं बोलले नाही. त्यांचा आवाज आधीच बारीक झाला होता.

सेन्सेईंनी एक वही सुरू केलीये म्हणे. कुणाला काय फोन केला, किती वाजता केला, ते लिहितात. चांगली सवय आहे, मी म्हटलं.


४ नोव्हेंबर, शुक्रवार

सेन्सेईंनी गाडीचा परवाना पोलिसांकडे परत केला. तिथून मिळालेला दाखला मला दाखवला, तो दाखवला की ट्रामचं तिकीट स्वस्तात मिळतं. म्हणाले, ब्रेक कुठला ते एखाद्या दिवशी आठवलं नाही तर रस्त्यात शाळेची मुलं असतात. मी म्हटलं, अगदी योग्य केलंत. मला त्यांचा अभिमान वाटला.


१५ नोव्हेंबर, मंगळवार

घात झाला.

सेंदाईहून ओनोदेरा नावाच्या बाईंची मेल. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये उतरवणाऱ्या सहा जणींचा गट आहे. फुकट काम, आमच्यासारखंच. संस्थेच्या एका संगणकात सगळ्यांच्या कामाच्या नोंदी असतात, आणि प्रत्येकीचा कामाचा फोल्डर तिच्या पेन ड्राइव्हवर, म्हणजे घरी न्यायला बरा. त्यांचा प्रोग्रॅम नेन्रिनवर चालतो. रविवारी आमची नवी आवृत्ती त्यात बसली आणि तिने झाडलोट केली. सगळे पेन ड्राइव्ह त्या वेळी आपापल्या मालकिणीच्या घरी. फोल्डर दिसत नाहीत म्हणून त्यांच्या नोंदी कचरा ठरल्या. सोमवारी चौघींनी ड्राइव्ह लावले, तर मागचं न सापडल्याने प्रोग्रॅमने संस्थेकडची जुलैमधली जुनी प्रत आणून त्यावर ठेवली. दोघी आल्या नव्हत्या, त्यांचं वाचलं. चौघींचं चार महिन्यांचं काम गेलं. समाजशास्त्राचं पुस्तक होतं, एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना मुलांच्या हातात पडायचं होतं.

मेलच्या शेवटी ओनोदेरा-सान लिहितात, 'आमच्या वापरण्यात काही चुकलं असेल तर कृपया सांगा.' हे वाचून मी कारखान्याच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.


१६ नोव्हेंबर, बुधवार

आम्ही तिघं पडद्यावर भेटलो. सेन्सेई, मी आणि नेन्रिन सांभाळणारा तिसरा, फुकुओकाचा मुकाई. मुकाई एकतीस वर्षांचा आहे, खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो, कामाला वाघ आणि जिभेला हाड नाही. आमच्याकडे एक आज्ञा दिली की प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव उमटतं. त्याने ती सगळ्यांसमोर दिली. पाच ओळी, पाचही वेळा होरिए.

मुकाई म्हणाला, "सेन्सेई, मान राखून बोलतो, पण ही चूक पहिल्या वर्षाचं पोरही करणार नाही. फोल्डर दिसत नाही म्हणजे त्यातलं काम मेलं, असं कसं धरलंत तुम्ही? तुमच्याकडच्या भांडाराच्या किल्ल्या आता काढून घ्यायला हव्यात."

सेन्सेई म्हणाले, "मुकाईचं बरोबर आहे. लिहिल्याचं मला आठवत नाही. पण ओळी माझ्या आहेत."

मी मध्ये पडले. म्हटलं, मुकाई, जरा दमाने घे, सेन्सेईंची तब्येत बरी नसते हल्ली. तर सेन्सेईंनी मला मान लववली, आभार मानल्यासारखी. त्यानंतर मी पडद्यावर माझ्याच चेहऱ्याकडे बघत बसले.

त्या पाच ओळी मी टाइप केल्या हे खरं आहे. पण मी फक्त आवरलं. जे मुळात गोंधळलेलं होतं ते आवरलं तरी गोंधळलेलंच राहणार. विचार त्यांचा होता.


१७ नोव्हेंबर, गुरुवार

त्यांची मूळ मेल उघडून बघायला हवी. आज वेळ झाला नाही.


१९ नोव्हेंबर, शनिवार

उघडली.

चौदा ओळी. टायपिंगच्या दोन चुका, दोन्ही एकेका अक्षराच्या. त्या तेवढ्या सुधारल्या, बाकी कशाला हात लावला नाही. खणातला पेन ड्राइव्ह लावला, त्यावर फोल्डर केला, काहीबाही लिहिलं, नोंद केली, ड्राइव्ह काढला. झाडलोट चालवली. सगळं जागच्या जागी.

मग माझ्या पाच ओळी घालून तेच केलं. सगळं साफ.

चार वेळा केलं. चारही वेळा तेच. फोल्डर नाही असं दिसल्यावरही ते पुन्हा त्याची नोंद वाचत होते, कारण फोल्डर नष्ट झाला नसेल, नुसता कुणाच्या पर्समध्ये बसून बाहेर गेला असेल. वर लिहिलंही होतं त्यांनी, बाहेर गेलेल्यांनाही मोजा. एका वाक्यात सांगितलं होतं. आणि मी त्यांची कीव करत होते.

आज आभाळ स्वच्छ होतं, खिडकीतून ताते-यामाच्या डोंगरावरचा सगळा बर्फ दिसत होता. शेजारीण फोटो काढायला हाक मारत होती. मी दार उघडलं नाही.


२० नोव्हेंबर, रविवार

लिहायचं तर खरं लिहू. आज दिवसभर मी फक्त कारणं जमवली.

एक, काम जायचं ते गेलं, कुणाचंही नाव असलं तरी ते परत येत नाही. दोन, सेन्सेईंनी मान्य केलं आहे, आता ओढून काढलं तर त्यांनाच त्रास. तीन, त्यांना तसंही विसरायला होतंय, आज नाही तर उद्या किल्ल्या द्यायच्याच होत्या. चार, मी गेले तर नेन्रिन बघणार कोण, एकटा मुकाई? तो भांडून सगळ्यांना पळवून लावेल.

चारही कारणं बरी दिसतात. तरी जेवण गेलं नाही.


२३ नोव्हेंबर, बुधवार, सुट्टी

ओनोदेरा-सानकडून संगणकाची नक्कल मागवून घेतली होती, त्यातले तुकडे वेचत बसले. सकाळी सहापासून. नऊ धड्यांपैकी एक पूर्ण निघाला, एक अर्धा. कळवलं. लगेच उत्तर आलं, मनापासून आभाराचं. खाली एक ओळ होती, आमची उघडी चर्चा त्यांनीही वाचली असणार: 'होरिए-सानना सांगा, मनाला लावून घेऊ नका. वयाने होतं. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं.'

मी लाजेने मान खाली घातली, खोलीत कुणी नसताना.


२६ नोव्हेंबर, शनिवार

फुमिए-सान ट्रामने माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच आल्या. हातात वाळलेल्या पर्सिमनची पिशवी. बसल्या, मी चहा दिला.

मग सांगितलं. सेन्सेई आता गॅस पेटवत नाहीत. बाई नसताना चहाही करत नाहीत, थर्मासमधलं पाणी पितात. दिव्यांच्या बटणांवर चिठ्ठ्या लावून घेतल्यात. संगणक बंद आहे. दिवसभर मांडीवर हात ठेवून बसतात आणि काहीतरी विसरतंय का याची वाट बघतात. एक तारखेला सगळ्यांना पत्र पाठवणार आहेत की माझं डोकं आता भरवशाचं नाही, नेन्रिनमधून मी जातो. पत्र बाईंना वाचून दाखवलं, त्यात एकही चूक नव्हती, असं म्हणाल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"कुसाका-सान, तो फोन त्यांनी खरंच केला होता ना? त्या रविवारी आम्ही ताकाओकाला नातीच्या शाळेच्या खेळांना गेलो होतो. यांचा फोन घरीच राहिला होता. त्यावरून वाटभर माझ्यावर चिडचिड केली."

मी कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"मी त्यांना हे म्हटलं. तर म्हणाले, मग मी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून केला असेन. कुसाका खोटं कशाला बोलेल?"

त्या गेल्यावर मी तिथेच जमिनीवर बसले. गेले आठ दिवस मला वाटत होतं, माझा गुन्हा त्या पाच ओळींचा. सेंदाईच्या चार बायकांचा. पण ह्या माणसाला ऑक्टोबरपासून मी सांगत आलेय की तुम्ही हे लिहिलंत, तुम्ही हे बोललात, आणि तुम्हाला आठवत नाही. त्यांच्या डोक्याला काय झालं होतं? काहीच नाही. डोळ्यांवर पडदा होता, तेवढाच. ते माझ्यावर विश्वास ठेवत होते आणि त्यासाठी स्वतःवरचा सोडत होते. बाईंना मी शहाणपणाने सांगितलं होतं, जवळच्यांना उशिरा कळतं. तोंड झोडून घ्यावंसं वाटतं.


२७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला गेले. एप्रिलपासूनच्या नोंदी छापून नेल्या होत्या, त्यांनी पाठवलेलं एका कागदावर आणि मी ठेवलेलं दुसऱ्यावर. सेन्सेई बैठकीत होते, फुमिए-सान त्यांच्या बाजूला. मी गुडघे टेकून बसले आणि कपाळ चटईला लावून सगळं एका दमात सांगितलं. थांबले असते तर पुढचं बोलले नसते.

सेन्सेईंनी कागदांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"एकतीस."

"आणि तो फोन?"

"नव्हता, सेन्सेई. मी बनवून सांगितलं."

 मला वाटलं आता ओरडतील, किंवा सुटकेने रडतील. मी दोन्हीची तयारी करून गेले होते. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे आज मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीस ना?"

"नाही, सेन्सेई."

"फोनचं विचारलं तेव्हाही तुझा आवाज असाच होता."

 मी कागद पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. माझ्या हातचा कागद त्यांना नको होता. उठून आपला संगणक सुरू केला आणि स्वतःच्या पाठवलेल्या मेली एकेक करून काढल्या. फुमिए-सान मोठ्याने वाचत होत्या, बाईंना त्यातलं अक्षर कळत नाही, तरी कंस, स्वल्पविराम सगळं वाचत होत्या. ते भिंग लावून भांडारातली नोंद बघत होते. पहिल्या आठ-नऊ नोंदींपर्यंत मला विचारत होते, हे तू का बदललंस? काहींना माझ्याकडे कारण होतं. बहुतेकांना नव्हतं. त्यानंतर त्यांनी मला विचारणं बंद केलं. एकतिसांपैकी सहा जागी त्यांची खरी चूक निघाली, सहाही टायपिंगच्या. अकरा जागी मी चांगलं काम बिघडवलं होतं. बाकी नुसता माझा आगाऊपणा.

तीन वाजले. माझे पाय बधिर झाले होते. त्यांनी संगणक बंद केला.

"मला वाटलं मी चाललो," ते म्हणाले. "कुसाका, ऑक्टोबरपासून मी स्वतःचा निरोप घेत होतो. फुमिएला कुठल्या बँकेत काय, कुठली चावी कशाची, सगळं लिहून दिलं. तू मला चूक दाखवली असतीस तर मी रागावलो असतो. एक दिवस रागावलो असतो."

मी माफी मागितली. ते म्हणाले, आता जा.

मी निघाले की फुमिए-सान नेहमी कोपऱ्यापर्यंत येतात आणि ट्राम वळेपर्यंत हात हलवतात. आज मी बूट घालत असतानाच आतलं दार लागलं.


२८ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. सकाळी सगळ्यांना उघड पत्र लिहिलं. एकतीस नोंदी, कोणती कुणाची, कुठे मी बदललं, कुठे बिघडवलं. सेंदाईचं नुकसान करणाऱ्या पाच ओळी माझ्या, आणि सेन्सेईंच्या चौदा ओळींनी ते झालंच नसतं, हे वेगळं लिहिलं. ओनोदेरा-सानना वेगळं कळवलं.

जुन्या नोंदींवरची नावं मात्र बदलता येत नाहीत. त्यांच्या नकला हजारो लोकांकडे आहेत, मागचं खोडलं तर सगळ्यांचा इतिहास एकमेकांशी जुळेनासा होतो. ते कुणी करत नाही. खाली नवी नोंद घालता येते, तेवढीच. म्हणजे त्या पाच ओळींवर कायम होरिए असंच राहणार, आणि ज्याला खाली वाचायची तसदी घ्यायची असेल त्यालाच खरं कळणार. ती नवी नोंद घातली. लिहिणारी कुसाका, ठेवणारी कुसाका. नेन्रिनमधलं माझं ते शेवटचं काम, कारण दुपारी मी किल्ल्या मुकाईकडे दिल्या. त्याने मागायच्या आधी दिल्या, एवढंच माझ्या बाजूने.

मुकाईचा निरोप आला. 'मी त्यांना सगळ्यांसमोर तसं बोललो. तू समोर बसली होतीस.'  'हो' लिहिलं.

ओनोदेरा-सानचं उत्तर आलेलं नाही. येऊ नये.


१४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस आभाळ गडगडतंय. कारखान्यात सगळ्या बायका म्हणतायत, हिवाळ्यात असं गडगडलं की यलोटेल मासे भरपूर सापडतात, आता स्वस्त होणार. रक्तदाब तपासला, वाढलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वही लिहिता का? म्हटलं, लिहिते.

सेन्सेईंशी बोलणं नाही. नवीन वर्षाचं कार्ड पाठवावं की नाही ते ठरत नाहीये. तपासणीत काय निघालं तेही मला कुणी कळवलं नाही. विचारायचा हक्क मी कुठून आणू?

नेन्रिनची चर्चा मात्र उघडी असते, कुणीही वाचावी. मीही आता कुणीही. आज दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचली. एक तारखेचं ते पत्र सेन्सेईंनी पाठवलंच नाही. काल संध्याकाळी त्यांचा नवा पॅच आलाय, मेलनेच, पण मुकाईच्या नावे. साठ ओळी. झाडलोटीचा सगळा भाग पुन्हा मांडलाय.

मुकाईने आज सकाळी अकरा शेरे मारून परत पाठवला. त्याची भाषा तीच, माणूस एकाहत्तरचा असो की सतराचा. हे नाव वाईट आहे. हे लांबलंय. हे पुन्हा लिहा. वाचताना वाटलं, आता तरी कुणीतरी या पोराला आवरावं. सातवा शेरा सगळ्यांत वाईट होता: 'इथे मोजणी एकाने चुकली आहे. हे तुमच्याकडून कसं सुटलं?'

सेन्सेईंनी बारा वाजायच्या आत अकराही शेऱ्यांना उत्तरं दिली होती. चार ठिकाणी वाद घातलाय, आणि दोन ठिकाणी मुकाईला गप्प केलंय. सातव्याखाली त्यांनी लिहिलंय:

'बरोबर. चूक आहे, आणि माझीच आहे. काल चार वाजता केली. मला आठवतंय.'